स्पिट्झचं ‘चेरी’ : पहिल्यांदा ऐकणाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी जपानी गाणी ऐकायला सुरुवात केली आणि मला विचारलं की कुठलं गाणं आधी ऐकू, तर माझं उत्तर ठरलेलं असतं. स्पिट्झ या जुन्या जपानी बँडचं ‘चेरी’. त्यानंतर जे प्रश्न येतात तेही बरेचसे ठरलेले असतात. म्हणून ते सगळे इथे एकत्र केलेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण त्यांत सांगण्यासारखं खरोखर बरंच आहे.

हे गाणं नेमकं कोणतं, कधीचं?

‘चेरी’ १० एप्रिल १९९६ला जपानमध्ये सिंगल, म्हणजे सुटं गाणं म्हणून आलं. स्पिट्झचं हे तेरावं सिंगल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या ‘इंडिगो चिहेइसेन’ या अल्बममध्येही ते आहे. शब्द आणि चाल दोन्ही बँडचा गायक कुसानो मासामुने याची. लांबी सव्वाचार मिनिटांच्या आसपास. सिंगलवर सोबतीला ‘बनी गर्ल’ नावाचं गाणं होतं, तेही अल्बममध्ये आलं.

तेव्हा जपानमध्ये सिंगल म्हणजे आठ सेंटीमीटरची छोटी सीडी, उभट, अरुंद पुठ्ठ्याच्या पाकिटात. कविता लिहायच्या लांबट कागदी पट्टीला जपानीत ‘तांझाकू’ म्हणतात, त्यावरून या पाकिटालाही तेच नाव पडलं. जपानमधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत ही पाकिटं अजून दिसतात.

स्पिट्झ म्हणजे कोण? ‘जुना बँड’ म्हणजे किती जुना?

१९८७मध्ये टोकियोत शिकणाऱ्या चार मुलांनी हा बँड सुरू केला. गायक आणि गिटारवर कुसानो मासामुने, गिटारवर मिवा तेत्सुया, बासवर तामुरा अकिहिरो आणि ड्रम्सवर साकियामा तात्सुओ. (जपानी पद्धतीप्रमाणे आडनाव आधी लिहिलं आहे.) चौघंही १९६७चे. तेव्हापासून आजपर्यंत तेच चौघं. कुणी सोडून गेलं नाही, कुणी नवीन आलं नाही, मधे बँड मोडून पुन्हा जुळवावा लागला नाही. बँडच्या दुनियेत ही फार दुर्मीळ गोष्ट आहे आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. २०१७मध्ये बँडला तीस वर्षं आणि चौघांनाही पन्नास झाली, तेव्हा त्या वर्षीच्या दौऱ्याच्या नावातच त्यांनी तीस आणि पन्नास हे दोन्ही आकडे घातले.

सुरुवातीला ते पंक, म्हणजे वेगवान, बंडखोर रॉक वाजवायचे. जपानमध्ये त्या वेळी ‘द ब्लू हार्ट्स’ या पंक बँडने तरुणांना वेड लावलं होतं, हे चौघंही त्या तरुणांतलेच. पुढे कुसानोने अकूस्टिक गिटार हातात घेतली आणि बँडचा आवाज बदलत गेला. मार्च १९९१मध्ये पहिलं सिंगल आणि पहिला अल्बम आला. खप यथातथाच. १९९३मध्ये सासाजी मासानोरी या निर्मात्याला बरोबर घेऊन, लोकांपर्यंत पोचायचंच असा निश्चय करून ‘क्रिस्पी!’ हा अल्बम केला. तोही अपेक्षेइतका चालला नाही. पण सासाजीची साथ त्यांनी सोडली नाही, आणि १९९५च्या एप्रिलमध्ये ‘रॉबिन्सन’ आलं. तिथून सगळं चित्र पालटलं. ‘चेरी’ त्याच्या बरोबर एक वर्षाने आलं. या दोन सिंगल्सचा खप प्रत्येकी सोळा लाखांच्या घरात गेला.

म्हणजे ‘चेरी’ गायलं तेव्हा ही मंडळी अठ्ठावीस वर्षांची होती, आणि त्यांच्या गाठीला चार-पाच वर्षांचं अपयश होतं. गाण्यातला आनंद कोवळा असला तरी भाबडा वाटत नाही, त्याचं एक कारण मला हे वाटतं.

याला बॅलड म्हणायचं का? ठेका तर चांगला चालता आहे.

काटेकोर बोलायचं तर जपानी श्रोते ‘बॅलड’ हा शब्द संथ गाण्यासाठी राखून ठेवतात आणि ‘चेरी’ला मध्यम लयीचं पॉप गाणं म्हणतील. पण तुम्ही प्रेमाचं, सुरेल, मनाला उभारी देणारं गाणं या अर्थाने बॅलड म्हणत असाल तर खुशाल म्हणा. चालत जाणाऱ्या माणसाची लय आहे त्यात. घरातून निघालाय, घाई नाही, पण थांबायचंही नाही.

गाण्यात काय सांगितलं आहे?

शब्द जसेच्या तसे इथे देत नाही. आशय सांगते.

पहिल्याच ओळीत गाणारा म्हणतो की तुला विसरणार नाही. आणि त्याच दमात सांगतो की मी वळणावळणाच्या रस्त्याने निघालोय. नुकताच जन्मलेला सूर्य आहे, स्वप्नं ओलांडून जाणारी पिवळी वाळू आहे. मग एकमेकांना गुदगुल्या करत लोळलेले ते दिवस, जे आता परत यायचे नाहीत, त्यांची आठवण. आणि लगेच पुढचं वाक्य असं, की कल्पना केली होती त्यापेक्षा कितीतरी गजबजलेला उद्या माझी वाट बघतोय.

पिवळ्या वाळूपाशी जरा थांबायला हवं. वसंतात गोबीच्या आणि चीनच्या कोरड्या भागातली धूळ वाऱ्यावर समुद्र ओलांडून जपानपर्यंत येते. तिला ‘कोसा’ म्हणतात. पश्चिम जपानला, विशेषतः क्यूशू बेटाला, तिचा जोर जास्त. कुसानो मूळचा क्यूशूवरच्या फुकुओकाचा. त्याने ही वाळू तिथूनच आणली असावी, असा माझा अंदाज आहे. जपानी वसंत म्हटलं की आपल्यासमोर गुलाबी फुलंच येतात. या माणसाला त्या ऋतूत धूळही दिसते, आणि ती तो गाण्याच्या अगदी तोंडाशी ठेवतो.

दुसऱ्या कडव्यात एक पत्र आहे. मनात मावेनासं झालं ते मळक्या हातांनी लिहून काढलं होतं, आणि वाचून लगेच टाकून दे म्हणून सांगितलं होतं, ते पत्र. तिने टाकलं नाही हे गाणं थेट सांगत नाही, पण ‘सांगितलं होतं तरी’ एवढ्यावर वाक्य सोडून दिलंय त्यावरून कळतं. मग झोपाळलेले डोळे गार पाण्याने उघडणं, कुणी मागून ढकलल्यासारखं पुढे जात राहणं. इतक्या साध्या गोष्टी.

मधला भाग सगळ्यात गडद. कितीही चाललं तरी पोचता येत नाही, मनातल्या बर्फाने गाल ओले झालेत, सैतानाचं सोंग घेऊन फाडून टाकलेलं एक गाणं आहे. ते गाणं वसंताच्या वाऱ्यात उडणाऱ्या पाकळ्या होऊ दे, असं तो म्हणतो. आणि मग परत पहिली ओळ येते. या वेळी ती ऐकताना आपण पहिल्यासारखे राहिलेलो नसतो.

मग हे विरहगीत झालं की! आनंदी का वाटतं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो.

आपल्याकडच्या गाण्यांची आपल्या कानाला एक सवय झालेली असते. प्रेमाचं गाणं म्हणजे एकतर मीलन नाहीतर विरह. भेटले तर चांदणं, नाही भेटले तर डोळ्यांना धार. ‘चेरी’त दोघं बरोबर नाहीत, एवढं नक्की. पण गाणारा झुरत नाही. कुणाला दोष देत नाही, परत ये म्हणून आळवत नाही. ध्रुवपदात तो एवढंच म्हणतो की प्रेमाच्या त्या शब्दाचा नुसता नाद ऐकूनच आपण खंबीर होऊ शकू असं मला वाटलं होतं. आणि छोटासा आनंद चुरगळून जाईल इतका घट्ट उराशी धरायचा. शेवटच्या ध्रुवपदात आणखी एक गोष्ट येते, की लबाडी करूनही आणि सचोटीनेही, कसंही, जगता येईल असं वाटलं. हे वाक्य प्रेमगीतात घालायला धाडस लागतं. प्रेमाने माणूस थोर होतो असं तो म्हणत नाही, प्रेमाने जगणं जमेल असा भरवसा येतो एवढंच म्हणतो. आणि शेवटी, कधीतरी पुन्हा याच जागी तुझी भेट व्हावी.

प्रेम मिळालं होतं, ते खरं होतं, आणि त्या शिदोरीवर माणूस पुढे निघालाय. या जातीची प्रेमगीतं आपल्याकडे मोजकीच आहेत, म्हणून पहिल्यांदा ऐकताना नीट बोट ठेवता येत नाही की आपल्याला रडू येतंय की हसू.

चालही याच गोष्टीला साथ देते. गाणं सी मेजरमध्ये आहे. कडव्याची सुरुवात सी, जी, ए मायनर, ई मायनर, एफ, सी, एफ, जी अशा कॉर्ड्सनी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांनी होते. ही साखळी पाखेलबेल या जुन्या जर्मन संगीतकाराच्या प्रसिद्ध ‘कॅनन’मधली, जपानी वादक तिला ‘कानोन’ची चाल म्हणूनच ओळखतात. पायरी पायरीने नेणारी, भरवशाची चाल आहे ती. म्हणजे आठवणीचे, ताटातुटीचे शब्द ज्या कडव्यात आहेत तिथे सूर मोकळे, उजेडाचे. आणि ध्रुवपदात, जिथे प्रेमाचा सगळ्यात आनंदाचा शब्द येतो, नेमकी तिथे पहिली कॉर्ड ए मायनर. सी म्हणजे सा धरला तर धैवतावर उभी असलेली मायनर कॉर्ड. पुढे ई मायनर, मग एफ, मग सी. म्हणजे दर ओळ किंचित सावलीत सुरू होते आणि उजेडात येऊन थांबते. गाणं ऐकून उभारी का येते, याचं उत्तर मला तरी या चार कॉर्ड्समध्ये सापडतं.

पहिल्यांदा ऐकताना कशाकडे कान द्यावा?

पहिल्या खेपेला कशाकडेच नाही, नुसतं ऐका.

दुसऱ्या खेपेला हेडफोन लावा आणि तामुराच्या बासच्या मागे जा. पॉप गाण्यात बास बहुधा खालचा सूर धरून राहतो. इथे तो एका जागी ठाण मांडून बसत नाही. गायक ओळ संपवून श्वास घेतो तेवढ्या फटीत बास काहीतरी छोटंसं बोलून घेतो. एकदा ते ऐकू यायला लागलं की मग गाण्यात दोन गायक आहेत असं वाटायला लागतं, एक वरचा आणि एक खालचा. स्टेजवर मात्र हाच तामुरा इतक्या उड्या मारतो आणि इकडून तिकडे पळतो की एवढं नाजूक काम याच्याच बोटांतून येतंय यावर विश्वास बसत नाही.

मिवाची गिटार हा स्पिट्झच्या आवाजाचा दुसरा खांब. कॉर्डचे सूर एकदम न वाजवता एकेक सुटा करत वाजवण्याची, म्हणजे आर्पेजिओची, त्याची पद्धत ओळखीची होऊन जाते. ती पुरती समजून घ्यायची असेल तर ‘रॉबिन्सन’ची सुरुवात ऐका, तिथे ती सगळ्यात ठळक आहे.

साकियामाच्या ड्रम्सबद्दल लोक फार बोलत नाहीत, पण ‘चेरी’ची ती न दमणारी चाल त्याचीच.

गायकाचा आवाज इतका कोवळा कसा? वयाबरोबर बदलला नाही का?

कुसानोचा आवाज वरच्या पट्टीतला, स्वच्छ, आणि त्यात कंप जवळजवळ नाही. सूर तो सरळ लावतो, हेलकावे देत नाही, भावनेचं प्रदर्शन मांडत नाही. आपल्याकडे मींड, मुरकी ऐकून तयार झालेल्या कानाला हे आधी कोरडं वाटू शकतं. थोडा धीर धरा. शब्द इतके भरलेले आहेत की आवाजाने आणखी भर घातली असती तर गाणं ओथंबून गेलं असतं.

वयाचं म्हणाल तर २०२३च्या ‘उत्सुकुशी हिरे’ या गाण्यात तो पंचावन्न वर्षांचा आहे. ते आणि ‘चेरी’ लागोपाठ लावून बघा.

जपानी अजिबात येत नाही. तरी चालेल का? शब्द पाठ करायचे तर कसे?

चालेल, आणि मराठी माणसाला तर जास्तच सोपं जाईल. हे मी उगाच धीर देण्यासाठी म्हणत नाही.

एक म्हणजे, जपानी गाण्याचे शब्द रोमन लिपीत लिहून पाठ करू नका. देवनागरीत लिहा. जपानीतला उच्चार बहुतेक वेळा ‘व्यंजन अधिक स्वर’ असा सुटा सुटा असतो, का-कि-कु-के-को. आपली बाराखडी त्याच्यासाठीच केल्यासारखी बसते. दुहेरी व्यंजन आलं तर आपल्याकडे जोडाक्षर तयार आहे. ‘त्सु’ हा उच्चार कित्येकांना अडतो, आपल्याला नाही अडत. ‘चमचा’मधला च घ्या आणि त्याला उकार लावा, फार जवळ पोचाल. ‘जहाज’मधल्या ज चाही असाच उपयोग होतो.

दुसरं, ऱ्हस्व-दीर्घ नीट सांभाळा. जपानीत दीर्घ स्वर दोन मात्रांचा, आणि स्वराशिवाय एकटा येणारा अनुनासिकही स्वतंत्र एका मात्रेचा. बहुतेक वेळा एका मात्रेला गाण्यात एक सूर मिळतो. शाळेत लघु-गुरू मोजत मात्रावृत्तं सोडवलेल्यांना हे हिशेब लगेच उमजतात. मी असंच करते. ओळ ऐकायची, देवनागरीत उतरवायची, दीर्घ अक्षराखाली रेघ मारायची, आणि मग बोटावर मात्रा मोजत म्हणायची. ‘चेरी’चं कडवं मध्यम लयीत असल्याने या कामाला फार चांगलं आहे. ध्रुवपदात अक्षरं थोडी धावतात, ते शेवटी घ्या.

तिसरं, वाक्यरचना. क्रियापद शेवटी, नामाला मागून चिकटणारे प्रत्यय, हे सगळं आपल्यासारखंच. अर्थ समजून घ्यायला बसलात की शब्दांचा क्रम फारसा उलटापालटा करावा लागत नाही.

जपानी शिकवणाऱ्यांनी हे वर्गात घ्यावं का?

जरूर. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा जुनी आहे, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं केंद्रही तिथे आहे, आणि वर्गात गाणी लावणारे शिक्षक बरेच आहेत. ‘चेरी’तली भाषा साधी आहे, रोजच्या वापरातली क्रियापदं आहेत, ‘असं वाटलं’, ‘भेटावंसं वाटतं’ अशी इच्छा आणि भास सांगणारी रूपं आहेत. त्या परीक्षेच्या एन-फोर या सुरुवातीच्या पातळीची तयारी करणाऱ्यांना ती ऐकून लक्षात राहतात. मधला सैतानाचा आणि बर्फाचा भाग मात्र वरच्या वर्गासाठी ठेवा. तो शब्दशः कळूनही कळत नाही, त्यावर बोलायला वेळ लागतो.

हे कुठल्या सिनेमातलं आहे?

कुठल्याच नाही. हिंदी-मराठीत गाणं म्हटलं की सिनेमा आधी आठवतो, म्हणून हा प्रश्न येतो. पण आपल्याकडेही भावगीतं कुठल्या सिनेमातली नसतात. कवी, संगीतकार, गायक आणि रेडिओ, एवढ्यावर ती घराघरांत गेली. ‘चेरी’कडे तसंच बघा. फरक एवढाच की इथे कवी, संगीतकार आणि गायक एकच आहे.

तेव्हा एवढं गाजलं त्याचं काही खास कारण?

एप्रिल हे मोठं कारण. जपानमध्ये शाळा-कॉलेजचं आणि सरकारी वर्ष एप्रिलला सुरू होतं. मार्चमध्ये निरोप समारंभ, एप्रिलमध्ये नवी शाळा, नवी नोकरी, नवं शहर. साकुरा, म्हणजे चेरीचा बहरही टोकियोच्या बाजूला याच दिवसांत फुलतो आणि आठ-दहा दिवसांत झडतो. आपल्याकडे जूनच्या पहिल्या पावसाचा आणि नव्या वह्यांचा जसा एकच वास येतो, तसं त्यांच्याकडे पाकळ्या आणि ताटातूट हे एकत्रच येतं. अशा आठवड्यात हे गाणं आलं. घर सोडून चाललेल्या अठरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला आणखी काय हवं होतं?

शिवाय पायवाट तयार होती. त्याच वर्षी जानेवारी ते मार्च फुजी टीव्हीवर ‘हाकुसेन नागाशी’ ही मालिका चालू होती. शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींची गोष्ट. तिचं शीर्षकगीत म्हणून स्पिट्झचं १९९४चं ‘सोरा मो तोबेरु हाझु’ घेतलं होतं. ते गाणं आलं तेव्हा बेताचंच चाललं होतं, मालिकेमुळे दोन वर्षांनी ते ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या खपाच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं. लोकांच्या ओठांवर स्पिट्झ असतानाच ‘चेरी’ आलं आणि तेही पहिल्या नंबरवर पोचलं.

अॅनिमे बघणाऱ्यांना हा बँड ओळखीचा असेल का?

असेल, कदाचित नाव माहीत नसताना. ‘उत्सुकुशी हिरे’ हे २०२३च्या ‘डिटेक्टिव्ह कोनान’ चित्रपटाचं शीर्षकगीत. ‘हाचिमित्सु तो क्लोव्हर’ या मंगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या नावातलं ‘हाचिमित्सु’ स्पिट्झच्या १९९५च्या अल्बमवरून घेतलंय, आणि त्याच्या अॅनिमेत स्पिट्झची गाणी वाजतात.

गिटार शिकतेय. जमेल का?

जपानमध्ये असंख्य लोकांनी गिटार याच गाण्यावर हात बसवून शिकली आहे. सुट्या कॉर्ड्स, सरळ स्ट्रमिंग, पट्टी बदलत नाही. अडेल ती फक्त एफ, बार कॉर्ड म्हणून, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागतात म्हणून. सुरुवातीला एफ चार तारांवरच धरा, गाणं थांबू देऊ नका. ध्रुवपदातली ए मायनर, ई मायनर, एफ, सी ही फेरी आधी घोटून घ्या, कडवं आपोआप हाताखाली येतं.

कराओकेला म्हणायचं तर पट्टी?

पुरुषांच्या आवाजाला मूळ पट्टी बहुधा उंच पडते. मशीनवर ‘की’चं बटण असतं, दोन-तीन घरं खाली घ्या, त्यात कमीपणा नाही. बायकांना मूळ पट्टी थोडी खाली वाटेल, वर न्या. आणि कंप देऊ नका!

लग्नात वाजवलं तर चालेल?

चालेल, पण माझं मत विचाराल तर निरोपाच्या कार्यक्रमाला ते जास्त शोभतं. कुणी शिकायला परदेशी निघालंय, कुणाची बदली झालीय, अशा वेळी.

स्पिट्झबद्दल लोक इतक्या जिव्हाळ्याने का बोलतात? बाकीही मोठे बँड आहेतच.

त्यांच्या वागण्यामुळे. सोळा-सोळा लाख सीडी खपल्यावर मोठमोठी स्टेडियमं घेता आली असती. ते मात्र वर्षानुवर्षं मध्यम आणि छोट्या सभागृहांतच वाजवत राहिले, लहान गावांत जात राहिले. जपानमधल्या बहुतेक बँड्सना निप्पोन बुदोकान या टोकियोतल्या मोठ्या, मानाच्या सभागृहात वाजवायची घाई असते. स्पिट्झने तिथे स्वतःचा कार्यक्रम पहिल्यांदा केला तो २०१४मध्ये, पदार्पणाला तेवीस वर्षं झाल्यावर.

१९९९ची आणखी एक गोष्ट. रेकॉर्ड कंपनीने त्यांच्या गाजलेल्या गाण्यांचा ‘रीसायकल’ हा संग्रह बाजारात आणला. बँडला तो नको होता. संग्रह प्रचंड खपला, तरी ते आपल्या मतावर राहिले. २००६मध्ये त्यांनी स्वतःच्या पसंतीने ‘सायकल हिट’ नावाचे संग्रह काढले आणि जुना संग्रह बाजारातून मागे घेण्यात आला. आणि ‘रीसायकल’च्या पुढच्याच वर्षी त्यांनी ‘हायाबुसा’ हा चांगलाच खणखणीत रॉक अल्बम केला. फक्त गोड गाणी करणारे म्हणून आपल्याला ओळखलं जाऊ नये, ही त्यामागची कळकळ ऐकताना जाणवते. ‘चेरी’ आवडलेल्यांनी ‘हायाबुसा’ कधीतरी ऐकावाच, म्हणजे हे चौघं मुळात कुठून आलेत ते कळतं.

यानंतर काय ऐकू?

तुमच्या मनःस्थितीवर आहे. उभारीच हवी असेल तर ‘हारु नो उता’ (२००५) आणि ‘यासाशी आनो को’ (२०१९). दुसरं गाणं एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या ‘नात्सुझोरा’ या सकाळच्या मालिकेचं, होक्काइदोतल्या मोकळ्या माळांचा गारवा आहे त्यात. डोळे पाणावायला हवे असतील तर ‘काएदे’ (१९९८). रात्री एकटं असताना ‘रॉबिन्सन’. अख्खा अल्बम एका बैठकीत ऐकायचा असेल तर ‘हाचिमित्सु’.

क्रमाने जायचा हट्ट नको. मी स्वतः ‘इंडिगो चिहेइसेन’वर बराच काळ रेंगाळले, कारण ‘चेरी’ त्यात इतर गाण्यांच्या शेजारी बसलेलं ऐकायला वेगळं वाटतं. एकटं ऐकताना ते पूर्ण उजळ वाटतं, अल्बममध्ये त्याच्या कडेची सावली दिसते.

ऐकायचं कुठे?

बँडच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर व्हिडिओ आहे. २०१९पासून त्यांची गाणी स्ट्रीमिंगवरही आली. शोधताना देवनागरीत किंवा रोमनमध्ये नुसतं ‘चेरी’ टाकलंत तर भलतीच गाणी निघतात, बँडचं नाव जोडून शोधा. दुसऱ्या गायकांनी म्हटलेल्या आवृत्त्याही पुष्कळ सापडतील. त्या नंतर ऐका, आधी मूळ १९९६चं ध्वनिमुद्रण.